इंजिन उघडण्याआधी

गाडी रस्त्यात बंद पडली तर दोन-चार हजारांत सुटका होते. इंजिनच गेले तर घराचा सगळा हिशेब विस्कटतो. लहान गाडीच्या इंजिनाचे पूर्ण काम निघाले तरी साठ-सत्तर हजार कुठेच जात नाहीत, आणि टर्बो किंवा डिझेल इंजिन बदलायचे म्हटले तर आकडा दीड-दोन लाखांवर सहज जातो. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांत गाडी ही कुणाच्या तरी आखातातल्या पाच-सात वर्षांच्या राबण्याची कमाई असते. काही घरांत तीच गाडी रोजीरोटी असते. अशा घरात इंजिन गेल्याची बातमी येते तेव्हा पहिला दिलासा एकच असतो: "गाडी वॉरंटीत आहे, कंपनी देईल."

मग सर्व्हिस सेंटरचा फोन येतो. "साहेब, हे वॉरंटीत बसत नाही. तुमच्या वापरामुळे झाले आहे."

या महिन्यात आम्ही याच एका वाक्याबद्दल लिहिणार आहोत. या भांडणात इंजिन बिघडले की नाही यावर वाद नसतो, ते तर समोर बंद पडलेले असते. वाद असतो तो का बिघडले यावर. आणि त्या 'का'चे उत्तर इंजिनाच्या पोटात असते. ते इंजिन एकदा खोलले, सुटे भाग डिझेलने धुतले, जुने ऑइल पिंपात ओतले, की पुरावा संपला. त्यानंतर उरते ते फक्त त्यांचे म्हणणे आणि आपले म्हणणे. म्हणून या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो: इंजिन उघडण्याआधी कागद करा.

वॉरंटी म्हणजे नेमका कोणता वायदा?

वॉरंटी म्हणजे 'काहीही झाले तरी फुकट दुरुस्ती' नव्हे. कंपनीने लिहून दिलेला तो एक मर्यादित वायदा आहे. अमुक वर्षे किंवा अमुक किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत, मालात किंवा बनावटीत ऐब निघाला तर तो भाग आम्ही दुरुस्त करू किंवा बदलून देऊ, एवढेच त्यात असते. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, फिल्टर, वायपर असे झिजणारे भाग साधारणपणे त्यातून वगळलेले असतात. वेळेवर सर्व्हिसिंग न करणे, अपघात, पुराचे पाणी, भेसळीचे इंधन, शर्यतीसाठी वापर, बाहेरून केलेले फेरफार, ही कारणेही वगळलेली असतात.

हे पुस्तक गाडी घेतल्याच्या आठवड्यातच वाचावे. गाडी बंद पडल्यावर वाचणाऱ्याला त्यात फक्त नकारच दिसतो. 'वाढीव वॉरंटी' घेतली असेल तर तिचा कागद वेगळा मागून घ्या. ती कधी कंपनीची असते, कधी एखाद्या विमा कंपनीच्या भरवशावर दिलेली असते, आणि तिच्या अटी मूळ वॉरंटीपेक्षा अरुंद असू शकतात. जुनी गाडी घेणाऱ्यांनी उरलेली वॉरंटी आपल्या नावावर चढली आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्यावे. आरसी बुकावर नाव बदलले म्हणजे वॉरंटीही बदलली असे समजू नये.

आणखी एक गैरसमज. "इंजिन गेले, आता नवी गाडीच द्या," असे आपण रागाने म्हणतो. २००६ साली मारुती उद्योग आणि एका ग्राहकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वॉरंटीची अट सदोष भाग बदलून देण्याची आहे, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. पूर्ण गाडी किंवा पूर्ण किंमत परत मिळाल्याचे निकाल आहेत, पण तिथे दोष मुळातलाच आहे आणि वारंवार दुरुस्ती करूनही तो जात नाही हे सिद्ध करावे लागते. त्यामुळे पहिली मागणी नेमकी ठेवावी: इंजिनाचा सदोष भाग बदला, मजुरी तुम्ही सोसा, आणि गाडी पडून राहिल्याचे नुकसान भरून द्या.

इंजिन का जाते, आणि मागे कोणती खूण ठेवते?

सगळ्यांनी मिस्त्री व्हावे असे आमचे म्हणणे नाही. पण ढोबळ कारणे माहीत असली तर समोरचा काय सांगतो आहे ते कळते.

पहिले कारण, ऑइल न पोहोचणे. इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये पातळ बेअरिंगे असतात. ती ऑइलच्या थरावर फिरतात. ऑइलचा दाब गेला की धातू धातूला घासतो, आतून ठकठक आवाज येतो आणि काही क्षणांत इंजिन जाम होते. बेअरिंग खरवडलेली दिसतात, शाफ्ट तापून निळसर पडतो. मात्र ऑइल का पोहोचले नाही, याची उत्तरे अनेक: ऑइल कमी होते, जुने होऊन डांबरासारखे झाले होते, पंप बिघडला, किंवा वाट तुंबली. पहिल्या दोन कारणांत मालकाकडे बोट जाते, पुढच्या दोनमध्ये बनावटीकडे जाऊ शकते.

दुसरे, पाणी कमी होऊन इंजिन तापणे. कूलंट गळाले, वॉटर पंप गेला किंवा थर्मोस्टॅट अडकला, तर हेड वाकते आणि हेड गॅस्केट जळते. इथे विचारायचा प्रश्न असा की कूलंट गेले कुठून? पंप मुळातच गळका होता, की खालून दगड लागून रेडिएटर फुटला?

तिसरे, टायमिंग बेल्ट किंवा चेन तुटणे. अनेक इंजिनांत ती तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. बेल्ट बदलायची मुदत पुस्तकात दिलेली असते. मुदतीआधी तुटला की मुदतीनंतर, यावर सगळे ठरते.

चौथे, पाणी आत शिरणे. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले की ते हवेसारखे दाबले जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एअर फिल्टर ओला किंवा चिखलाने माखलेला सापडतो. याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

शिवाय आजकालच्या गाड्यांच्या संगणकात बिघाडाचे कोड नोंदलेले राहतात. स्कॅनर लावला की बऱ्याच गाड्यांत तो बिघाड झाला त्या क्षणी वेग, तापमान आणि इंजिनाचे फेरे किती होते तेही दिसते. ही नोंद पुसता येते. म्हणून ती पुसण्याआधी तिची छापील प्रत मागा.

आमच्या घरातलेच एक उदाहरण

आमची थोरली आपा खेड तालुक्यात राहते. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी चिपळूणला न्यावे लागते. तिच्या मुलाने, म्हणजे आमच्या भाच्याने, त्यासाठीच डिझेल गाडी घेतली. दोन वर्षे चार महिने झाले होते, अडतीस हजार किलोमीटर झाले होते. वॉरंटी तीन वर्षांची. तिन्ही सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात, तिन्हींची बिले घरात.

परशुराम घाटाच्या माथ्यावर ऑइलचा लाल दिवा लागला आणि लगेच आतून ठोके ऐकू आले. भाच्याने सपाट जागा बघून गाडी बंद केली. पुन्हा किल्ली फिरवली नाही. दहा-पंधरा मिनिटांनी बॉनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घालून बाहेर काढली आणि मोबाइलवर चित्रण केले. ऑइल दोन खुणांच्या मधोमध होते. मीटरवरचे किलोमीटरही त्याच चित्रणात घेतले. आपाला रिक्षाने पुढे पाठवले आणि गाडी क्रेनने सर्व्हिस सेंटरला नेली.

दुसऱ्या दिवशी सल्लागाराचे म्हणणे आले: "ऑइल कमी झाले असणार. वॉरंटीत बसत नाही. एस्टिमेट एक लाख चौऱ्याऐंशी हजार. सही करा, उद्या इंजिन खोलतो."

भाच्याने आम्हांला फोन केला, "मामू, सही करू का? अम्मीची परवा पाळी आहे." घाई खरी होती. पण सही करायच्या आधी आम्ही डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक कक्षाला एकच ईमेल पाठवला. त्यात तीन गोष्टी होत्या. आमच्या उपस्थितीशिवाय इंजिन उघडू नये. वॉरंटी नाकारण्याचे कारण लेखी द्यावे, आणि ते वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली येते तेही लिहावे. काढलेला प्रत्येक भाग आणि निघालेले ऑइल आमच्या संमतीशिवाय टाकू नये. सोबत पट्टीचे चित्रण आणि सर्व्हिसिंगची बिले जोडली.

आठव्या दिवशी कंपनीचा इंजिनीअर आला. आम्ही गावातल्या जाणत्या मिस्त्री चाचांना बरोबर नेले. ऑइल स्वच्छ डब्यात काढून मोजले, ते जवळपास पूर्ण भरले. मग ऑइलचा चेंबर खाली उतरवला. ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी जाळी असते, तिच्यात रबरासारखे काळे तुकडे गच्च अडकले होते. चाचांनी एक तुकडा बोटावर घेऊन म्हटले, "हे सीलंट आहे. चेंबर बसवताना लावतात ते. जास्त लावले की आत ओघळते आणि वाळले की सुटते." त्या इंजिनाचा चेंबर सर्व्हिसिंगमध्ये कधीही उघडला गेला नव्हता, हे जॉब कार्डांवरून दिसत होते. म्हणजे सीलंट लागले ते कारखान्यातच.

इंजिनीअरने फार काही बोलणे टाळले. पण 'जाळी तुंबलेली आढळली' एवढे जॉब कार्डावर लिहायला आम्ही त्यांना लावले, आणि फोटो तिथेच काढले. तीन आठवड्यांनी मंजुरी आली. इंजिनाचे भाग आणि मजुरी कंपनीने सोसली. एकूण सत्तावीस दिवस गाडी पडून होती. त्या काळात आपाच्या आठ फेऱ्या भाड्याच्या गाडीने झाल्या, फेरीला नऊशे रुपये, म्हणजे सात हजार दोनशे. ते कंपनीने नाकारले. ते मागण्यासाठी ग्राहक आयोगात जाता आले असते. आपाने "गाडी दारात आली, बस्स झाले" म्हटल्यावर आम्ही थांबलो.

आता विचार करा. पहिल्या दिवशी सही झाली असती, तर चेंबर आमच्या पाठीमागे उघडला असता, जाळी धुतली गेली असती, आणि 'ऑइल कमी होते' हेच वाक्य कायमचे सत्य ठरले असते. हेही लक्षात ठेवा की आत ऑइल डांबरासारखे निघाले असते, तर तोच पंचनामा आमच्या विरुद्ध गेला असता. समोर उघडायचे ते खरे कारण कळावे म्हणून. मग ते कुणाच्याही बाजूचे निघो.

बाहेरच्या गॅरेजमध्ये गेलो तर वॉरंटी जाते का?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला आणि एकत्रित सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याच्या पद्धतीवर हा आदेश होता. त्यात असेही म्हटले होते की बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. मात्र या आदेशाला कंपन्यांनी वरच्या न्यायासनांपुढे आव्हान दिले. त्यामुळे 'आयोगाने सांगितले आहे' या भरवशावर नव्या गाडीचे सर्व्हिसिंग कुठेही करावे, असा सल्ला आम्ही देणार नाही.

व्यवहाराची गोष्ट एवढी: वॉरंटीच्या काळात ऑइल आणि फिल्टरचे काम अधिकृत केंद्रात, ठरल्या तारखेला करा. टायर, सीट कव्हर, पंक्चर ही कामे कुठेही केली तरी इंजिनाच्या दाव्याशी त्यांचा संबंध नाही, आणि कुणी तसा जोडत असेल तर 'या कामामुळे इंजिन कसे बिघडले ते लेखी सांगा' असे विचारा. वायरिंग कापून बसवलेले दिवे, हॉर्न आणि गॅस किट मात्र हमखास अंगाशी येतात.

इंधनाचेही तसेच. आता बहुतेक पंपांवर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपल्या गाडीच्या पुस्तकात किती टक्क्यांपर्यंत चालते ते पाहा. गाडी जुनी असेल आणि पुस्तकात दहा टक्केच लिहिले असेल, तर वॉरंटीवर काय परिणाम होईल हे कंपनीला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा.

पावसाचे पाणी: इथे वॉरंटी नाही, विमा

२६ जुलै २००५ ची मुंबई आणि जुलै २०२१ चे चिपळूण ज्यांनी पाहिले आहे, त्यांना गाड्या पाण्यात कशा उभ्या राहतात हे सांगायला नको. पुराच्या पाण्याने इंजिन गेले तर ते वॉरंटीत बसत नाही. तो विम्याचा विषय आहे. पण तिथेही एक खोच आहे.

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक विम्यात पुराचे नुकसान धरलेले असते, पण पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने इंजिन गेले, तर 'हे पुराचे थेट नुकसान नव्हे, नंतरच्या कृतीचे आहे' असे म्हणून विमा कंपन्या इंजिनाचा भाग नाकारतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचे वेगळे संरक्षण थोडा जास्त हप्ता भरून मिळते. नदीकाठी, खाडीकाठी किंवा सखल वस्तीत राहणाऱ्यांनी ते घ्यावे, आणि त्यातल्या अटीही वाचाव्यात.

पाण्यात गाडी बंद पडली तर किल्ली फिरवू नका. ढकलून किंवा क्रेनने काढा, पाण्याची पातळी दिसेल असा फोटो काढा, आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. दावा नाकारला, किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करून महिन्याभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत आणि तिथे फी लागत नाही.

कंपनी ऐकत नसेल तर

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. तिथे मराठीतही तक्रार घेतात. हे न्यायालय नव्हे, पण तक्रार थेट कंपनीच्या वरिष्ठांपर्यंत जाते आणि बरीच प्रकरणे इथेच मिटतात.

तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. यात सामान्य माणसाच्या सोयीच्या काही गोष्टी आहेत.

तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. डीलर दुसऱ्या शहरात आणि कंपनीचे मुख्यालय दिल्लीला असले तरी चालते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी नाममात्र आहे: किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० रुपये. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.

मुदत दोन वर्षांची आहे. वाद उभा राहिला त्या दिवसापासून ती मोजतात. "कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे" म्हणून ती आपोआप वाढत नाही. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. त्याहून जास्त देता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. तांत्रिक तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात उशीर होतो, हे मनाशी धरून चला.

पण खरी मेख इथे आहे. 'कारखान्यातला दोष' सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर येते, आणि नुसत्या शपथेवर ते सिद्ध होत नाही. तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोग वस्तू योग्य त्या प्रयोगशाळेकडे किंवा तज्ज्ञाकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. म्हणून तक्रारीबरोबरच 'इंजिन अमुक ठिकाणी सील केलेल्या स्थितीत आहे, तपासणी व्हावी' असा अर्ज द्या. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील मोटार अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांचे मत मागता येते. आणि तपासणीला द्यायला इंजिन जसेच्या तसे हवे, म्हणजे आपण पुन्हा पहिल्याच मुद्द्यावर आलो.

तक्रारीत डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, आणि कोणाची चूक कोणती ते वेगवेगळे लिहा. गोव्यातील एका ग्राहकाला नव्या गाडीचे पैसे घेऊन जुन्या सालाची, चाललेली गाडी दिली गेली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०२१ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की डीलरच्या खास चुकीबद्दल, कंपनीला ती माहीत होती हे दाखवल्याशिवाय, कंपनीला जबाबदार धरता येणार नाही, कारण त्यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे होते. बनावटीतला ऐब कंपनीचा. सर्व्हिसिंगमधला हलगर्जीपणा, चुकीचे ऑइल, खोटी नोंद हे डीलरचे.

टुरिस्ट गाडी चालवणाऱ्या भावांसाठी एक वाक्य. "गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही," असे सांगून पिटाळतात. स्वतः चालवून त्यावरच पोट भरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे. पाच-सात गाड्या ठेवून चालक नेमणाऱ्याची गोष्ट वेगळी.

दोष एकाच गाडीचा, की सगळ्यांचा?

अमेरिकेतले एक प्रकरण इथे सांगण्यासारखे आहे. ह्युंदाई आणि किया यांच्या 'थीटा-२' नावाच्या पेट्रोल इंजिनांत क्रँकशाफ्ट घडवताना उरलेले धातूचे कण ऑइलच्या वाटांत राहून जात. त्यामुळे बेअरिंगांना ऑइल पोहोचत नसे आणि इंजिन चालत्या गाडीत जाम होई. २०१५ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या गेल्या. ते पुरेसे नाही, हे कंपनीतल्याच किम ग्वांग-हो या अभियंत्याने २०१६ मध्ये सरकारी यंत्रणांना कळवले. त्यांची नोकरी गेली. २०१७ मध्ये आणखी लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये दोन्ही कंपन्यांनी तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेशी एकूण २१ कोटी डॉलरच्या दंडात्मक तडजोडी केल्या, आणि पुढच्या वर्षी त्या यंत्रणेने किम यांना २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस दिले.

यातून घ्यायचे ते हे की 'तुमच्या वापरामुळे' हे उत्तर मिळाले तरी तोच दोष शेकडो गाड्यांत असू शकतो. आपल्याकडेही मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले आहे. त्यानुसार पर्यावरणाला, चालकाला किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका होईल असा दोष असेल तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर चेसिस क्रमांक घालून आपली गाडी अशा यादीत आहे का ते पाहता येते. इंजिन गेले की हे दोन मिनिटांचे काम आधी करा. तोच मॉडेल, तेच साल असलेल्या ओळखीच्या दोघा-तिघांनाही विचारा. एकाच दोषाचे तीन जॉब कार्ड एकत्र ठेवले की त्यांचे वजन वाढते.

वॉरंटी नुकतीच संपली असेल तरी गप्प बसू नका. दोन-चार महिन्यांचा किंवा दोन-तीन हजार किलोमीटरचाच फरक असेल आणि सर्व्हिसिंग नियमित असेल, तर कंपन्या कधी कधी सवलत म्हणून खर्चाचा काही भाग उचलतात. ती मागितल्याशिवाय मिळत नाही. लेखी मागा, आणि टक्केवारीही लेखीच घ्या.

गाडीच्या खणात ठेवण्याची यादी

लाल दिवा लागला की गाडी थांबवा, पुन्हा सुरू करू नका.

ऑइलची पट्टी, मीटरवरचे किलोमीटर आणि जागा यांचे चित्रण करा.

गाडी क्रेनने न्या. क्रेनची पावती ठेवा.

जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. 'ग्राहकाच्या दुर्लक्षामुळे' असे आधीच छापलेले किंवा लिहिलेले असेल तर सही करू नका.

इंजिन आपल्यासमोर उघडावे, नकार लेखी द्यावा, भाग आणि ऑइल जपावे, हा ईमेल त्याच दिवशी पाठवा.

फोनवर काय ठरले ते संध्याकाळपर्यंत ईमेलने परत लिहून पाठवा.

गाडी परत घेताना 'पूर्ण समाधान झाले' या कागदावर सही मागतात. तक्रार बाकी असेल तर सहीखाली 'हक्क राखून' असे लिहा.

घरातले कागद सांभाळण्याचे काम बहुतेक ठिकाणी अम्मी, आपा किंवा भाभीच करतात. गाडीची फाइलही त्यांच्याच कपाटात असू द्या: खरेदीचे बिल, वॉरंटीचे पुस्तक, विमा, प्रत्येक सर्व्हिसिंगचे बिल आणि जॉब कार्ड, तारखेप्रमाणे लावलेले. आमच्या भाच्याच्या ईमेलला जोडलेली तिन्ही बिले आपाच्याच पिशवीतून निघाली होती, डायलिसिसच्या कागदांच्या खालून.